रांग, पत्ता, वारसा : बारावीच्या संगणकशास्त्राचे एक वाचन

१

समीक्षेचा विषय म्हणजे कथा, कविता, कादंबरी आणि नाटक, असे आपल्या विद्यापीठीय मराठीने ठरवून टाकलेले आहे. तिच्या लेखी पाठ्यपुस्तक हे वाङ्मय नव्हे. दलित वाङ्मयीन चळवळीने मात्र ही वाटणी कधी निमूटपणे स्वीकारली नाही. जो ग्रंथ माणसाच्या जगण्यावर सत्ता गाजवतो तो ग्रंथ तपासायचा, ही दृष्टी आपल्याला जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडून मिळालेली आहे. मनुस्मृती काही कादंबरी नव्हती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली गेली ती वाचून, तपासून, तिच्यावर निर्णय देऊन. ते दहन ही एक समीक्षाच होती.

आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या आयुष्यावर जे ग्रंथ सत्ता गाजवतात त्यांत अकरावी-बारावीचे अभ्यासक्रम पुढे आहेत. कोण कारखान्यात जाणार, कोण कचेरीत, कोण दुकानाच्या गल्ल्यामागे आणि कोण घरी परत, याचा निकाल याच दोन वर्षांत लागतो. त्यांतल्या एका विषयाचे, संगणकशास्त्राचे, येथे संहिता म्हणून वाचन करायचे आहे. ही संहिता कोणाचे जगणे गृहीत धरते? कोणाला आत घेते आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवते? तिच्यात जे ज्ञान आहे ते आपल्या कामाचे आहे की नाही?

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. हा विषय नाकारण्याजोगा नाही. तो आपल्या मुलांना अर्धाच दिला जातो, हा खरा प्रश्न आहे. यंत्र चालवणे वाट्याला येते आणि यंत्राला विचार घालून देणे दुसऱ्याकडे राहते. ही वाटणी नवी नाही. तिचे जुने नाव आपल्याला चांगले ठाऊक आहे.

२

हे वाचन अधांतरी होऊ नये म्हणून एक गाव समोर ठेवू. वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेले विजयदुर्ग हे देवगड तालुक्यातले गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते, आता सिंधुदुर्गात आहे. किल्ल्यामुळे ते सर्वांना माहीत आहे. शिवाजी महाराजांचे आरमार, आंग्रे, १७५६ साली इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून घेतलेला किल्ला, हा इतिहास शाळेत शिकवला जातो. याच किल्ल्याशी विज्ञानाचाही एक धागा जोडला गेलेला आहे. आत काही ओटे आहेत आणि त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्टला येथे हेलियम दिन साजरा होतो. सांगितले असे जाते की, १८६८ साली या दिवशी झालेले खग्रास सूर्यग्रहण नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून पाहिले आणि हेलियमचा शोध लावला.

ही कथा तपासली तर काय दिसते? १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून विजापूर, गुंटूर असा पूर्वेकडे गेला, हे खरे. त्या दिवशी गुंटूरला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहणाशिवायही पाहता येतो, हे त्याने तिथूनच २० ऑक्टोबर १८६८ रोजी दाखवले. वर्णपटातली पिवळी रेषा पृथ्वीवर माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याची नाही, या विचारातून पुढे हेलियम हे नाव आले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, रॅम्झीला. लॉकियर विजयदुर्गला आला हेही खरेच आहे, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी तो मेल्पोमेनी या इंग्रजी आरमारी जहाजासह येथे उतरला होता.

यात गावाचा कमीपणा नाही. उलट खरी हकीकत सांगीव हकीकतीपेक्षा अधिक शिकवणारी आहे. १८९८ च्या त्या निरीक्षणासाठी लॉकियरने जहाजावरच्या खलाशांना शिकवून तयार केले आणि त्यांच्या हाती उपकरणे दिली. विज्ञान हे निवडक डोक्यांचे काम आहे, या समजाला त्या साध्या खलाशांनी विजयदुर्गच्या किनाऱ्यावर उत्तर दिले. हातात उपकरण आणि समोर शिकवणारा माणूस असेल तर काम जमते. ओटे मात्र साहेबाचे म्हणूनच ओळखले जातात. दगड कोणी वाहिले ते त्या नावात नाही.

संगणकशास्त्राच्या चर्चेत हे सांगण्याचे कारण एवढेच की, ऐकलेले पुढे सांगणे आणि तपासून सांगणे या दोन वेगळ्या संस्कृती आहेत. पहिली श्रुतींची, पाठांतराची. दुसरी प्रयोगाची. जी संस्कृती हेलियमची कथा न तपासता पिढ्यानपिढ्या पुढे देते, तीच संस्कृती वर्गात संगणकशास्त्र शिकवते तेव्हा काय होते, हे आता पाहू.

३

महाराष्ट्रात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकशास्त्र भेटत आले ते द्विलक्षी विषय म्हणून. दोनशे गुण, दोन पत्रिका, प्रत्येक पत्रिकेत पन्नास गुण लेखी आणि पन्नास प्रात्यक्षिकाचे, अशी त्याची वर्षानुवर्षांची रचना. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल एका पत्रिकेत. दुसरीत ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, त्याच्या आज्ञा, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्क. कागदावर हा अभ्यासक्रम भरभक्कम आहे. यंत्राच्या पोटात काय चालते ते तो सांगतो आणि यंत्राला काम कसे सांगायचे तेही सांगतो.

८०८५ हा इंटेलने १९७६ साली काढलेला, सी प्लस प्लस ही १९८५ साली बाजारात आलेली भाषा. अभ्यासक्रम जुनाट आहे अशी टीका शहरी पालक करतात, ती मला महत्त्वाची वाटत नाही. बैलगाडीचे चाक ज्याला नीट कळले त्याला मोटारीचे चाक कळायला वेळ लागत नाही. ८०८५ सोपा आहे म्हणून शिकण्यास उत्तमच आहे. दोष आहे तो तो कसा शिकवला जातो यात. जिथे किट नाही तिथे आज्ञा वहीत लिहिल्या जातात. फॅक्टोरियल, फिबोनाची, बबल सॉर्ट, बायनरी सर्च, हे ठरलेले प्रोग्रॅम फळ्यावरून जर्नलमध्ये, जर्नलमधून उत्तरपत्रिकेत उतरतात. जर्नल पूर्ण, सही झाली, एक्स्टर्नल येऊन गेले, गुण पडले. यंत्राने एकदाही 'नाही' म्हटलेले ऐकले नाही असा विद्यार्थी संगणकशास्त्रात उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊ शकतो. हे वेदपठणच झाले. फक्त ऋचांऐवजी अर्धविराम आणि महिरपी कंस आले.

कोकण विभागीय मंडळ बारावीच्या निकालात राज्यात सातत्याने पुढे असते. २०२५ साली त्याचा निकाल ९६.७४ टक्के लागला. मुलांच्या कष्टाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण हा आकडा उत्तीर्णांचा आहे. प्रयोग करायला मिळालेल्यांची मोजणी तो करत नाही.

आता देवगड तालुक्यातल्या एखाद्या बौद्धवाडीतून दहावी झालेल्या मुलीचा विचार करा. विज्ञान शाखा असलेले कनिष्ठ महाविद्यालय गाठायला पहाटेची एस.टी. धरावी लागते. विज्ञान शाखा आहे तिथे संगणकशास्त्र असेलच असे नाही. असले तरी पुष्कळ ठिकाणी तो विनाअनुदानित तत्त्वावर चालतो आणि त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते. म्हणजे सरकारी अनुदानाच्या छपराखाली एक खोली अशी निघते की, तिचे दार पैशाने उघडते. शाळेबाहेर सरावाला यंत्र मिळावे तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, ग्रामीण भारतात शंभरातल्या अवघ्या ४.४ घरांत संगणक होता. शहरांत हे प्रमाण २३.४ होते. त्यानंतर मोबाइल वाडीवाडीत पोहोचला, पण मोबाइलवर बोटे फिरवणे आणि प्रोग्रॅम लिहून तो चालवून पाहणे ही वेगळी कामे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचे गोडवे गायले. जिद्द खरीच होती. पण ज्या व्यवस्थेने मुलीला पावसाळ्यात डोंगरावर बसवले तिला कोणी प्रश्न विचारला नाही. गुणगान हे पुष्कळदा प्रश्न टाळण्याचे साधन असते.

याच राज्यात संगणकशिक्षणाचा दुसराही प्रवाह आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या बाजारपेठांत पोहोचला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागते म्हणून आपली असंख्य मुले तिथे शुल्क भरून शिकली. त्यातून टंकलेखन, तक्ते, पत्रव्यवहार जमू लागला, नोकऱ्या लागल्या. हे मोलाचे आहे. पण तिथे यंत्र वापरायला शिकवतात, घडवायला नाही. एका बाजूला दुसऱ्याने लिहिलेल्या प्रणालीत माहिती भरणारा ऑपरेटर आणि दुसऱ्या बाजूला ती प्रणाली लिहिणारा. एकाचे हात, दुसऱ्याचे डोके. बलुतेदारीच्या गावगाड्यात तरी दुसरे काय होते?

४

ही वाटणी आपल्याला परवडणारी नाही, याचे कारण कोकणच्या इतिहासातच आहे. खोताची सत्ता जमिनीवर होती तशीच ती दप्तरावर होती. कोणाकडे किती थकले, कोणी किती भरले, हे खोताच्या वहीत. ती वही कुळाला वाचता येत नसे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. वह्या मात्र गेल्या नाहीत, त्यांनी जागा बदलली. सातबारा आता संगणकावर आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर आहे. रेशन, निवृत्तिवेतन, जातीचा दाखला, सारे कुठल्या ना कुठल्या प्रणालीत आहे. अर्ज नामंजूर झाला की खिडकीमागचा माणूस सांगतो, सिस्टीम घेत नाही. ही सिस्टीम आकाशातून पडलेली नसते. एका माणसाने बसून अटी लिहिलेल्या असतात : हे असेल तर पुढे जा, नसेल तर थांब. खोताच्या वहीला जाब विचारायला अक्षर लागत होते. या वहीला जाब विचारायला तिची भाषा लागेल.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन त्यांनी सरकारला दिले त्यात कला आणि कायदा यांच्या शिक्षणापेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञान यांच्या उच्च शिक्षणावर भर होता, आणि त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितलेल्या होत्या. त्याआधी साठ वर्षे, १८८२ साली, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. एकाने पाया मागितला, दुसऱ्याने कळस. या दोहोंना जोडणारा जिना म्हणजे अकरावी-बारावी, आणि आपल्या मुलांचे पाय नेमके तिथेच घसरतात. शासनाला या वयोगटाची आठवण कधी झालीच नाही असे नाही. १९८४ साली केंद्र सरकारने क्लास नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले होते. 'निवडक' या शब्दातच सारे आले. निवड करणारा नेहमी दुसराच असतो.

५

आता प्रत्यक्ष संहितेकडे. डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रकरणात 'क्यू' येतो. क्यू म्हणजे रांग. जो आधी आला तो आधी बाहेर. पुस्तक ही व्याख्या देते आणि पुढे सरकते. ज्यांचे आयुष्य तिकिटाच्या खिडकीपुढच्या रांगेत गेले त्यांना ती पुरेशी वाटेल. पण आपल्या वस्तीतल्या मुलीला रांगेची दुसरी व्याख्या आजीकडून मिळालेली असते. पाणवठ्यावर आजी सर्वांच्या आधी आली तरी तिच्या घागरीत पाणी पडे ते सर्वांच्या नंतर, तेही कोणी वरून ओतले तर. संगणकशास्त्राला हाही प्रकार माहीत आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकरणात कोणत्या कामाला आधी वेळ द्यायचा हे ठरवणारा अग्रक्रम येतो. अग्रक्रम वरून ठरतो आणि खालच्या क्रमांकाचे काम कितीही वेळ ताटकळत राहू शकते. त्या उपासमारीला या शास्त्रात नावही आहे आणि तिच्यावर उपायही सांगितलेला आहे : जो फार वेळ थांबला त्याचा अग्रक्रम वाढवत न्या. आरक्षणाचे तत्त्व याहून निराळे ते काय आहे? वर्गात हे कोणी म्हणाले तर 'क्यू' जन्मभर विसरला जाणार नाही, आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जे घडले त्याचा तर्कही उलगडेल.

सी प्लस प्लसमध्ये पुष्कळ मुले अडतात ती 'पॉइंटर'वर. पॉइंटरमध्ये वस्तू नसते, वस्तू राहते त्या जागेचा पत्ता असतो. पत्ता आणि मूल्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे कळले की अर्धे अवघड गेले. हे आपल्या मुलांइतके कोणाला कळावे? कोकणात वाडीचे नाव सांगितले की ऐकणारा जात ओळखतो, आणि आत कोण माणूस राहतो हे न पाहताच त्याचे मूल्य ठरवतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच. पण नाव बदलले तरी पत्ता तोच राहिला, आणि पत्त्यावरून मूल्य ठरवणारी नजरही राहिली.

मग येते 'इनहेरिटन्स', वारसा. मूळ क्लासकडून त्यातून निघालेला क्लास गुणधर्म घेतो. पण काय वारशाने जाईल, काय खासगी राहील, काय सर्वांना खुले असेल, हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो. शिवाय वारशाने आलेली कृती पुढचा क्लास नव्याने लिहू शकतो. जातीच्या वारशाबद्दल आपल्याला हजारो वर्षे सांगितले गेले की, तो लिहिलेला नाही, तो निसर्ग आहे, ते कर्मफळ आहे. १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवले की, जात माणसांनी शास्त्रांच्या आधारे उभी केलेली धारणा आहे. ती लिहिलेली आहे, म्हणून ती खोडता येते.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. पॉइंटरचा आणि बौद्धवाडीचा काय संबंध? संबंध शिकण्याच्या प्रक्रियेचा आहे. माणूस नवे ज्ञान जुन्या अनुभवाच्या खुंटीला टांगतो. सवर्ण मध्यमवर्गीय मुलाच्या खुंट्या पुस्तकाने आधीच ठोकलेल्या असतात : बँकेचे व्याज, ग्रंथालयातील पुस्तके, कंपनीतील पगारपत्रक. आपल्या मुलाला नवे ज्ञान आणि परकी खुंटी, दोन्ही एकाच वेळी शिकावे लागते. तो मागे पडला की त्याच्या बुद्धीवर ठपका येतो.

मात्र दुसऱ्या टोकाचा धोकाही सांगितला पाहिजे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनात आई बांबूची आयदाने विणते. त्या विणीत क्रम आहे, मोजणी आहे, पुनरावृत्ती आहे. प्रोग्रॅममध्येही तेच असते. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला आणि ती पुठ्ठ्यांची कल्पना बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी घेतली, हा इतिहास आहे. आयदान विणणाऱ्या आईच्या बोटांत गणित होते, हे अभिमानाने सांगावे. पण लगेच सावध व्हावे. तुमच्या परंपरागत कामातच सारे ज्ञान होते, तेव्हा ते सोडता कशाला, हा उपदेश पाठोपाठ येतो आणि तो गोड आवाजात येतो. आईच्या बोटांतले गणित मुलीच्या हाती यंत्र म्हणून आले पाहिजे. टोपली म्हणून पुन्हा आले तर आपण जिथे होतो तिथेच राहिलो.

६

भाषेचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. द्विलक्षी संगणकशास्त्राचे दोनशे गुण कोठून आले? एक ऐच्छिक विषय आणि दुसरी भाषा यांची जागा घेऊन. द्विलक्षी विषय नको असेल तर माहिती तंत्रज्ञान हा शंभर गुणांचा विषय दुसऱ्या भाषेऐवजी घेण्याची सोय झाली. परिणाम असा झाला की, विज्ञान शाखेच्या हजारो मुलांचे मराठी दहावीलाच संपले. 'युवकभारती' त्यांच्या हाती आलीच नाही. ज्या वयात माणूस स्वतःला प्रश्न विचारू लागतो त्या वयात दलित साहित्याची ओळख होण्याची एक वाट बंद झाली. संगणक आणि मराठी यांना एकमेकांसमोर तराजूत बसवणारी ही रचना ज्यांनी केली त्यांनी मुलांना न सांगता एक धडा दिला : यंत्राचा विचार मराठीत होत नसतो, आणि मराठीत विचार करणाऱ्याला यंत्र लागत नाही.

इंग्रजीबद्दल आपला गोंधळ नसावा. इंग्रजी आपल्याला हवी आहे. ती नाकारणे म्हणजे दार आपल्याच हाताने लावून घेणे. पण इंग्रजी येईपर्यंत ज्ञान थांबवून ठेवणे हेही दारच लावणे आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात इंग्रजी, संगणक आणि नवे गाव या तीन गोष्टींशी एकदम झुंजते. तिला संकल्पना मराठीत समजावून सांगितली आणि संज्ञा इंग्रजी ठेवली तर काय बिघडते? शासकीय परिभाषेने मात्र दुसरी भिंत उभी केली. कॉम्प्युटर, माऊस, प्रोग्रॅम हे शब्द बाजारातल्या, रिक्षातल्या, शेतातल्या माणसाने आपलेसे केलेले असताना त्यांच्या जागी संस्कृतातून घडवलेले जड शब्द आणायचे आणि त्याला मराठीकरण म्हणायचे, हा जुनाच उद्योग आहे. एका बाजूला परकी भाषा, दुसऱ्या बाजूला देवभाषा, आणि मध्ये बोलीचे तोंड बंद.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) या संदर्भात पुन्हा वाचावे. ज्या भाषेचा उच्चारही निषिद्ध होता त्या संस्कृतात एक दलित स्त्री पारंगत होते, ती शिकवते, आणि समाजाच्या नजरेत तिचे कौतुक आणि अविश्वास एकत्र उभे राहतात. संगणकाच्या भाषेची आजची प्रतिष्ठा त्या जुन्या प्रतिष्ठेहून फारशी वेगळी नाही. फरक एक आहे आणि तो मोठा आहे. या नव्या भाषेत चूक केली तर यंत्र कोणाचीही गय करत नाही. पुरोहिताच्या मुलाचा अर्धविराम सुटला तरी तीच सूचना येते. ज्ञानव्यवहाराच्या आपल्या इतिहासात हा न्याय दुर्मिळ आहे.

७

म्हणून यंत्राला जात नाही, असे म्हणून मोकळे व्हावे का? यंत्राला नसेल, यंत्राभोवती बसलेल्यांना आहे. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्कांच्या खात्याने सिस्को या संगणक कंपनीवर दावा लावला. दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून भेदभावाची वागणूक दिली, असा त्यात आरोप होता. २०२३ साली त्या दोन वरिष्ठांवरचा दावा खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा कायम ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. सात समुद्रांपलीकडच्या शहराला असा नियम करावा लागतो, याचा अर्थ आपण निर्यात काय केले ते जगाला कळलेले आहे.

बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती!' (१९६३) मधला नायक रेल्वेत कामाला लागतो आणि परक्या गावात खोली मिळवण्यासाठी जात लपवतो. आजचा आपला मुलगा हिंजवडीच्या किंवा बंगळूरच्या कंपनीत आडनाव सांगताना अडखळतो. डब्यात काय आणले, बारावीला किती गुण होते, कोणत्या प्रवर्गातून प्रवेश घेतला, या चौकशीच्या वाटांनी त्याची जात शोधली जाते. आपल्या आत्मकथनांनी शाळेचा उंबरा, वसतिगृह, कचेरी आणि झोपडपट्टी अजोडपणे लिहिली. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) असो की शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१), शिक्षण म्हणजे काय याचा जिवंत दस्तऐवज तिथे आहे. संगणकाची प्रयोगशाळा मात्र आपल्या साहित्यात फारशी आलेली नाही. बागुलांच्या नायकाचा धाकटा भाऊ आज पडद्यासमोर बसलेला आहे आणि त्याची कथा लिहायची राहिलेली आहे. अनुभव बदलला आणि वाङ्मय जुन्याच अनुभवावर थांबले तर आपलेही साहित्य प्रस्थापित होईल. विद्रोहाची भाषा तोंडपाठ असणे म्हणजे विद्रोह नव्हे. पाठांतर कोणाचेही असो, ते पाठांतरच.

८

तेव्हा करायचे काय? मागणी शासनाकडे आहे आणि काम आपल्याकडेही आहे.

शासनाकडे मागणी अशी की, मराठी आणि संगणक यांतले एक निवडा ही सक्ती कोणत्याही नव्या रचनेत राहू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेच्या मधल्या टप्प्यावर कोडिंग आणण्याचे म्हटले आहे. ते आणताना यंत्रे, वीज आणि शिक्षक आधी तालुक्याच्या टोकाच्या गावी पोहोचावेत. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गातल्या गावांची वीज गेली, हे वेळापत्रक आखणाऱ्यांनी विसरू नये. अनुदानित महाविद्यालयात एखादा विषय पैशाच्या दारामागे ठेवला जात असेल तर ते दार काढले पाहिजे.

आपले काम याहून जवळचे आहे. वस्तीत समाजमंदिर आहे, विहार आहे, संध्याकाळची अभ्यासिका आहे. तिथे दोन-तीन जुनी यंत्रे का नसावीत? प्रोग्रॅम लिहिण्याची साधने विकत घ्यावी लागत नाहीत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीनू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. १९८७ साली त्यातूनच सी भाषेचा विनामूल्य कंपायलर आला, १९९१ मध्ये लिनक्स आली. ज्ञान कुलूपबंद ठेवू नये, हा आग्रह धरणारी माणसे त्या क्षेत्रातही आहेत. त्यांचे आपले नाते आहे. अभियांत्रिकी शिकून नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या मुलांनी जयंतीला वर्गणी जरूर द्यावी. त्याबरोबर वर्षातले चार रविवार गावी येऊन अकरावीच्या मुलांसमोर बसावे. शिक्षकांनी मराठीत टिपणे काढावीत, त्यांत रांग पाणवठ्याची असावी आणि पत्ता वाडीचा असावा.

विद्यार्थ्यांना एकच सांगणे. वहीत उतरवलेला प्रोग्रॅम खरा मानू नका. तो चालवा, मोडा, पुन्हा लिहा. यंत्र चूक दाखवील तेव्हा ओशाळू नका. चूक शोधत मागे मागे जाणे, कोणत्या ओळीवर गाडी घसरली ते पकडणे, हीच या शास्त्रातली खरी विद्या आहे. फुल्यांनी इतिहासाच्या बाबतीत आणि बाबासाहेबांनी धर्मशास्त्राच्या बाबतीत हेच केले. विजयदुर्गच्या मुलाने शाळेत मिळालेली हेलियमची कथा याच रीतीने तपासावी आणि गावाला खरी तारीख सांगावी. सांगणाऱ्याचे नाव काय, तो कोणत्या वाडीतला, हे विचारल्यावाचून गावाने ती ऐकली तर परिवर्तन जमिनीवर उतरले असे म्हणता येईल. न ऐकली तर तपासणाऱ्यांची संख्या वाढवणे, हाच आपला कार्यक्रम.